पायथन: मोठा अ‍ॅरे आणि निकालांची डिक्शनरी आठ प्रोसेसमध्ये सामायिक कशी ठेवावी?

रिकामी_रांग
लिनक्स, पायथन ३.१२. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा २० कोटी फ्लोट६४ आकड्यांचा अ‍ॅरे आहे, म्हणजे १.६ जीबी. मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूलच्या पूलमध्ये आठ वर्कर (वेगळ्या प्रोसेस), प्रत्येकाने एकेका तुकड्याचा हिशेब करून निकाल ग्लोबल डिक्शनरीत टाकायचा, असा बेत आहे. वर्करमध्ये प्रिंट केली तर डिक्शनरी भरलेली दिसते, मुख्य प्रोसेसमध्ये मात्र रिकामी. एररही येत नाही. शिवाय अ‍ॅरे आर्ग्युमेंट म्हणून दिला की मेमरी भराभर चढते आणि एकट्या प्रोसेसपेक्षाही जास्त वेळ लागतो. थ्रेड वापरले तर डिक्शनरी नीट भरते, पण एकच कोअर चालतो. मॅनेजरची डिक्शनरी घ्यावी का?

सेमाफोर
मॅनेजर नको. त्याच्या डिक्शनरीतलं प्रत्येक वाचणं-लिहिणं वेगळ्या सर्व्हर प्रोसेसकडे जाऊन परत येतं. त्यात आणखी एक मेख आहे: किल्लीखाली साधी लिस्ट ठेवून तिच्यावर थेट अपेंड केलंत, तर तुमच्याकडे आलेल्या प्रतीत भर पडते आणि ती प्रत टाकून दिली जाते. लिस्ट बाहेर काढायची, बदलायची, पुन्हा त्याच किल्लीला नेमायची, आणि या तिन्ही पायऱ्यांभोवती लॉकही लावायचं. एवढा खटाटोप कशाला?

तुमची डिक्शनरी रिकामी राहते कारण फोर्कनंतर (मुख्य प्रोसेसची प्रत काढून वर्कर बनल्यावर) वर्करने लिहिलेली मेमरीची पानं त्याची स्वतःची होतात. त्याने लिहिलं ते बरोबरच, पण स्वतःच्या डिक्शनरीत; मग एरर येईल कशाला? निकाल सामायिक ठेवूच नका. फंक्शनने तुकड्याचा क्रमांक आणि निकाल अशी जोडी रिटर्न करावी, मुख्य प्रोसेसने पूलच्या आयमॅप_अनऑर्डर्डमधून (तयार होतील तसे निकाल देणाऱ्या) त्या गोळा कराव्यात. डिक्शनरीत लिहिणारा एकच असला की लॉक लागत नाही.

मेमरीचं म्हणाल तर आर्ग्युमेंट पिकल होऊन (बाइटमध्ये बदलून) पाइपमधून जातं आणि पलीकडे नव्याने उभं राहतं. आठ कामांना अख्खा अ‍ॅरे दिलात तर नुसत्या प्रतीच १२.८ जीबी, पिकलचे बाइट वेगळे.

पेज_फॉल्ट
अ‍ॅरेसाठी मल्टिप्रोसेसिंगमधलं शेअर्ड_मेमरी मॉड्यूल आहे, ३.८ पासून. मुख्य प्रोसेसमध्ये अ‍ॅरेच्या एनबाइट्सएवढा (एकूण बाइटएवढा) ब्लॉक तयार करा, त्याच्या बफरवर तोच शेप (आकार) आणि डीटाइप (आकड्यांचा प्रकार) देऊन एनडीअ‍ॅरे उभा करा आणि स्लाइसमध्ये नेमून डेटा भरा. स्लाइसचे कंस विसरलात तर नाव जुन्या अ‍ॅरेला चिकटतं आणि ब्लॉकमध्ये शून्यंच राहतात. भरून झालं की मूळ अ‍ॅरे सोडून द्या, नाहीतर शेवटपर्यंत ३.२ जीबी अडकून बसतील. फाइल थेट ब्लॉकमध्ये वाचता आली तर उत्तमच.

पूलच्या इनिशियलायझरमध्ये ब्लॉकचं नाव, शेप आणि डीटाइप द्या. प्रत्येक वर्कर एकदाच जोडला जाईल. कामाबरोबर फक्त सुरुवात आणि शेवटाचे इंडेक्स पाठवा. वर्करमधला शेअर्डमेमरी ऑब्जेक्ट ग्लोबलमध्ये धरून ठेवणं महत्त्वाचं. तो लोकल राहिला तर फंक्शन संपताच मॅपिंग बंद होतं आणि अ‍ॅरेला हात लावताच सेगमेंटेशन फॉल्ट. क्लोज प्रत्येकाने करायचं, अनलिंक फक्त मुख्य प्रोसेसने, एकदाच, फायनली ब्लॉकमध्ये.

डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवणार असाल तर सामायिक मेमरीची हद्द मुळात ६४ एमबी असते. फसवं असं की ब्लॉक तयार होताना तक्रार होत नाही. भरताना प्रोसेस बस एररने मरते. कंटेनर सुरू करतानाच हद्द २ जीबी करा.

बाइटकोड
थ्रेड इतक्यात निकालात काढू नका. नमपायची बरीचशी मोठी ऑपरेशन्स जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं लॉक) सोडून चालतात. तरीही एकच कोअर चालतोय, म्हणजे आत पायथनचा फॉर लूप असणार. तो व्हेक्टराइज होत असेल (म्हणजे लूपऐवजी अख्ख्या अ‍ॅरेवर एकदम नमपायचं ऑपरेशन) तर थ्रेडमध्ये कॉपीचा प्रश्नच उरत नाही.

फक्त सामायिक काउंटरवर += करताना लॉक लावा. वाचणं, मिळवणं, परत ठेवणं या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि जीआयएल त्यांना एकसंध करत नाही. ३.१० पासून थ्रेड बदलण्याची तपासणी मोजक्या जागी होते, त्यामुळे छोट्या चाचणीत आकडा बरोबर येतो. त्या भरवशावर कोड लिहू नये.

रिकामी_रांग
बरोबर, लूपच आहे. तुकड्याच्या आत प्रत्येक पायरी मागच्या किमतीवर अवलंबून, त्यामुळे व्हेक्टराइज होत नाही. तुकडे मात्र एकमेकांपासून स्वतंत्र. अ‍ॅरे फक्त वाचायचा आहे. मग पूल बनवण्याआधी तो ग्लोबलमध्ये ठेवला तर पुरे ना?

बाइटकोड
मग तो लूप नंबा या पायथनच्या कंपायलरने, नोजीआयएल पर्याय चालू ठेवून कंपाइल करून बघा. साधे थ्रेड आठही कोअर वापरतील, अ‍ॅरे एकच. माझं मत याच बाजूने.

जीआयएलविना पायथन ३.१३ मध्ये प्रायोगिक होतं, ३.१४ मध्ये अधिकृत झालं, पण ते वेगळं बिल्ड आहे. तयारी जाहीर न केलेलं सी एक्स्टेन्शन इम्पोर्ट झालं की जीआयएल परत चालू होतं, तेव्हा वॉर्निंग वाचत चला.

सेमाफोर
ग्लोबलचा मार्ग ३.१२ वर लिनक्समध्ये चालेल. नमपायचे आकडे सलग बफरमध्ये असतात, त्यात रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी) नसतात, म्हणून नुसत्या वाचण्याने पानांची कॉपी होत नाही. पायथनच्या लिस्टचं तसं नाही. वाचतानाही काउंट बदलतात आणि मेमरी हळूहळू फुगते.

पण ३.१४ पासून लिनक्सवर फोर्कऐवजी फोर्कसर्व्हर (वेगळ्या सर्व्हर प्रोसेसमधून फोर्क) हा डिफॉल्ट आहे. मॅकवर ३.८ पासून स्पॉन (कोरी नवी प्रोसेस), विंडोजवर पहिल्यापासून स्पॉनच. तिथे तुमचा ग्लोबल वर्करपर्यंत पोचणार नाही. म्हणून फोर्कचा कॉन्टेक्स्ट स्पष्टपणे मागून घ्या, आणि थ्रेड सुरू करण्याआधी: फोर्कच्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने धरलेलं लॉक चाइल्डमध्ये कधीच सुटत नाही. ३.१२ याबद्दल डेप्रिकेशन वॉर्निंग देतं, ते दाबून टाकू नका.