मदत हवी आहे: चौथीच्या गणितातले बाबा पोळ्या लाटायला लागले की वर्ग हसतो

जि.प. शाळेत चौथीला शिकवते, वर्गात 27 मुलं. 2019 ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र टाकलं होतं ना, तसंच काहीतरी माझ्या शाब्दिक उदाहरणांत करायचं होतं, कारण माझ्याच जुन्या वर्कशीट काढून बघितल्या तर शेत, दुकान, बँक सगळं रमेश-सुरेशकडे आणि सीताकडे फक्त पोळ्या 🙈

मग नावं अदलाबदल केली. 'बाबांनी 24 पोळ्या लाटल्या, 6 जणांत वाटल्या' म्हटलं की अख्खा वर्ग फिदीफिदी, आणि एकाने तर 'बाबांनी' खोडून वर 'आईने' लिहून उदाहरण सोडवलं, उत्तर मात्र बरोबर! घरी कोण काय करतं याचा तक्ता पण करून घेतला, पण ज्यांच्या घरी फक्त आजी आहे ती दोन मुलं गप्प बसली, त्यामुळे तो परत नको.

पुस्तक बदलता येत नाही, प्रोजेक्टर नाही, वेगळा तास मिळणार नाही, गणिताच्या तासातलीच 10 मिनिटं आहेत. भाषण द्यायचं नाहीये.

तर ते हसू आल्यावर त्याच क्षणी तुम्ही वर्गात नेमकं काय विचारता किंवा करता? चौथीला जमलेलं काही आहे का कुणाकडे?