हामेत्स धुळीसमान मानला, तर तो विकायचा कसा?

पहिलाच पेसाह :
सर्वांना शालोम. लग्नानंतर स्वतंत्र घरात आमचा हा पहिलाच वल्हांडण (पेसाह) सण आहे. आजवर तयारीचे सगळे आईच पाहत असे आणि आम्ही ती सांगेल तेवढे करत होतो, त्यामुळे प्रत्येक कृतीमागचा नियम समजून घ्यायचे राहूनच गेले. यहुदी पंचांगातल्या १४ निसानच्या रात्री आपण मेणबत्ती घेऊन हामेत्स, म्हणजे सणात वर्ज्य असलेले आंबलेल्या धान्याचे पदार्थ, शोधतो, मग तो 'मातीच्या धुळीसारखा' असल्याचे म्हणून त्यावरचा हक्क सोडतो आणि सकाळी उरलेला जाळतो. असे असताना कपाटातला हामेत्स यहुदीतर माणसाला विकण्याचा अधिकार रब्बींना (धर्मगुरूंना) का द्यायचा? जी वस्तू धूळ मानली, तिची किंमत कशी ठरणार? शिवाय पडदे, पुस्तके, पोटमाळा हे सगळे झाडून-धुऊन काढणे नियमात आहे की ती केवळ रीत आहे?

अभ्यासक :
तुम्हाला जाणवलेला विरोध खरा आहे, आणि तो सुटतो तो क्रम व हेतू नीट पाहिल्यावर. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी एखाद्याचे पीठ पाण्यात भिजून १८ मिनिटे तसेच पडून राहिले की ते हामेत्स होते. तोराहने, म्हणजे आपल्या मूळ धर्मग्रंथाने, ते सणात खाण्याची मनाई तर केलीच आहे, पण त्यातल्या निर्गम या पुस्तकाच्या १२व्या आणि १३व्या अध्यायांत ते घरात सापडू नये आणि दिसू नये असेही सांगितले आहे. म्हणजे प्रश्न तोंडात काय जाते एवढ्यापुरता नसून मालकीचाही आहे. मालकी मनोमन सोडली, तर तोराहच्या दृष्टीने तेवढे पुरते. मात्र मनाचा भरवसा धरता येत नाही, आणि वर्षभर सवयीची असलेली पोळी समोर दिसली की हात नकळत पुढे होतो, म्हणून ऋषितुल्य पूर्वसूरींनी प्रत्यक्ष शोध घेणेही बंधनकारक केले.

आता शब्दांकडे लक्ष द्या. रात्री म्हणायचे वाक्य फक्त 'मी न पाहिलेल्या' हामेत्सपुरते असते, कारण सकाळच्या न्याहारीसाठी ठेवलेला पाव अजून आपलाच असतो. सकाळी जाळताना मात्र 'पाहिलेला आणि न पाहिलेला' असा सगळाच सोडला जातो. विक्रीसाठी वेगळा काढलेला माल या हेतूत धरलेला नसतो. जे टाकायचे ते धूळ मानायचे आणि ज्याचे मोल आपण ओळखून आहोत ते दुसऱ्याच्या मालकीचे करायचे, असे हे दोन वेगळे मार्ग आहेत. ही विक्री नावापुरती नसते. खरेदीदार थोडी रक्कम आगाऊ देतो, बाकी त्याच्याकडून येणे राहते, ती जागाही त्याला भाड्याने दिली जाते आणि सणाच्या मध्यात त्याने येऊन कपाट उघडले तर त्याला अडवता येत नाही. निव्वळ पाव-बिस्किटे न विकता संपवावीत आणि मद्य किंवा मोठा साठा तेवढा विकावा, असे अनेक घरे पाळतात. मलाही तेच अधिक प्रामाणिक वाटते. यहुद्याच्या मालकीत राहून सण ओलांडलेला हामेत्स नंतरही वापरता येत नाही, हे विसरू नका.

ते वाक्य अरामी भाषेत आहे. त्याचा अर्थ कळत नसेल, तर कळणाऱ्या भाषेत म्हणावे, नाहीतर हक्क सोडला असे होणार नाही.

वेळेबाबत म्हणाल, तर सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे १२ भाग करतात. चौथा भाग संपेपर्यंत हामेत्स खाता येतो, आणि जाळणे व हक्क सोडणे पाचवा भाग संपण्याआधी उरकावे लागते. सूर्य ६ वाजता उगवून ६ वाजता मावळत असेल, तर या वेळा १० आणि ११ येतील. तुमच्या गावचे प्रत्यक्ष वेळापत्रक रब्बींकडून घ्या.

साफसफाईविषयी मिश्ना या प्राचीन नियमसंग्रहाच्या 'पेसाहीम' प्रकरणात आरंभीच म्हटले आहे की जिथे हामेत्स नेला जात नाही, तिथे शोधण्याची गरज नाही. धूळ म्हणजे हामेत्स नव्हे. पोटमाळा धुण्यात दमून जाण्यापेक्षा कोटांचे खिसे उलटे करा, मुलांची दप्तरे झटका आणि सोफ्याच्या फटीत हात घाला.

पहिलाच पेसाह :
मनापासून आभार, खिशांचे तर माझ्या ध्यानातच आले नव्हते. आणखी दोन शंका आहेत. आमच्या माहेरी सणात भात चालतो, पण यजमानांचे घर अश्केनाझी (मूळच्या मध्य व पूर्व युरोपातल्या यहुद्यांचे) आहे. आणि रोजचे मोठे स्टीलचे पातेले वापरता येईल का?

सेफार्दी घरातून :
पातेल्याचा नियम 'जसे शोषले, तसे बाहेर टाकते' या तत्त्वावर चालतो. उकळत्या पदार्थाने शोषलेले उकळत्या पाण्यानेच निघते. पातेले घासून २४ तास न वापरता ठेवा, मग काठोकाठ पाणी भरून खळखळ उकळू द्या आणि त्यात लालबुंद तापवलेला दगड सोडा, म्हणजे पाणी चहूबाजूंनी काठावरून उतू जाईल. वरची कडा नेमकी याच क्षणी शुद्ध होते, म्हणून घाई करू नका. नंतर थंड पाण्याने धुवा. मातीच्या भांड्याला हा उपाय लागू होत नाही.

भात हामेत्स नाही. तांदूळ, कडधान्ये, मका न खाणे ही अश्केनाझी समाजाने मध्ययुगात स्वीकारलेली मनाई आहे आणि पत्नीने पतीची रीत पाळावी असा प्रघात आहे. पण ती रीत खाण्यापुरतीच आहे. तांदूळ घरात ठेवता येतो, विकावा लागत नाही. माहेरी जाल तेव्हा भातावरून वाद नको. आमच्याकडे, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या सेफार्दी यहुद्यांत, तर सणाआधी तांदूळ ताटात पसरून तीनदा निवडतात, एखादा गव्हाचा दाणा राहू नये म्हणून.

अभ्यासक :
एक राहिले. शोधासाठी पावाचे १० तुकडे मुद्दाम ठेवण्याची पद्धत पाळणार असाल, तर प्रत्येक तुकडा कागदात गुंडाळा आणि कुठे ठेवला ते लिहून ठेवा. दहावा सापडला नाही, तर मध्यरात्री सगळे घर पुन्हा धुंडाळावे लागते.