'हाउस स्टाइल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
स्कॉटलंडमधल्या ग्लेनफार्क्लास या व्हिस्कीवर मराठीत लेख लिहिते आहे. बॅलिंडॅलॉकजवळची ही डिस्टिलरी ग्रँट कुटुंबाने १८६५ साली विकत घेतली आणि आजही ती त्यांच्याकडेच आहे. 'हाउस स्टाइल', म्हणजे एखाद्या डिस्टिलरीच्या मद्याची ओळखू येणारी ठरलेली चव, यासाठी मी 'घराण्याची शैली' लिहिलं, पण वाचताना गाण्याचाच लेख वाटतो. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर
'घराणं' माझ्याही आवडीचा शब्द आहे, पण इथे तो दिशाभूल करेल. गाण्याचं घराणं गुरूकडून शिष्याकडे जातं, रक्ताचं नातं लागतंच असं नाही. इथे मालकी रक्ताच्या नात्याने आलेली आहे आणि चव मात्र भट्टीवर ठरते. १९८१ साली ग्लेनफार्क्लासने थेट आचेऐवजी वाफेवर भांडी तापवून पाहिली. कुटुंब तेच, भांडी तीच, तरी उतरलेल्या मद्याचा भरदारपणा गेला, म्हणून ते पुन्हा आचेवर आले. आजही तिथे तांब्याच्या भांड्यांखाली गॅसच्या ज्वाळा असतात. बासुंदी तळाला लागू नये म्हणून आपण उलथनं फिरवत राहतो, तशा आत साखळ्या तळ घासत फिरतात.

म्हणून मी 'वळण' म्हणेन. वळण लावावं लागतं, टिकवावं लागतं आणि ते बिघडूही शकतं. त्या वर्षी ते बिघडता बिघडता राहिलं. हस्ताक्षरालाही वळणच असतं, दुरून ओळखू येणारं. 'बाज'ही चालेल, पण त्यात कुणीतरी जपल्याचा भाव येत नाही.

आणि 'डिस्टिलरी'ला 'आसवनी' नको. तो सरकारी फलकावरचा शब्द झाला. जिथे खरोखर आच लागते तिथे 'भट्टी'च म्हणा. 'भट्टी जमली' हे आपण एरवी कशालाही म्हणतो, इथे ते शब्दशः खरं आहे.

आणखी एक उत्तर
'वळण' पटलं. एक सावधगिरी मात्र बाळगा. चांगल्या मालाला 'पहिल्या धारेची' म्हणायची आपली सवय इथे उलटी पडेल. स्कॉच गाळताना पहिली धार बाजूला काढतात आणि पुढच्या खेपेला परत भांड्यात घालतात. पिंपात जाते ती मधली धार. 'मधल्या धारेची' असंच लिहा, कानाला नवं वाटलं तरी.

आंबवलेल्या द्रवाला आपल्याकडच्या पोलिसी बातम्यांत 'रसायन' म्हणतात, विदर्भात मोहाचा 'सडवा'. या लेखात 'रसायन' वाचून वाचक दचकेल. 'आंबवण' बरं. स्कॉचचं दोनदा गाळणं समजावायचं असेल तर गोव्याची उर्राक आठवा. काजूच्या रसाची पहिली उतरण ती उर्राक, ती पुन्हा भाटीवर चढली की फेणी.

'मॅच्युअर'साठी 'परिपक्व' अजिबात नको, 'मुरणे' आहे ना! कायद्याने स्कॉच ओकच्या पिंपात निदान ३ वर्षं मुरावी लागते. ग्लेनफार्क्लासची मुरते ती प्रामुख्याने शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत, दगडी भिंतींच्या, मातीच्या जमिनीच्या कोठारांत. लोणच्याला जो शब्द शोभतो तो इथे अगदी चपखल बसतो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. वाक्य असं केलं आहे: 'भट्टीची आच आणि शेरीची पिंपं यांनी ग्लेनफार्क्लासला वळण लावलं, ग्रँट कुटुंबाने ते मोडू दिलं नाही.' 'मधल्या धारेची'ही घेतलं आहे.