नातवाच्या खोकल्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर

३०२ काकू: नातवाला तीन दिवस सर्दी-खोकला, काल १०१ ताप. नवलख्याच्या बाजूला एका डॉक्टरांना दाखवलं. फी ५०० रुपये, आणि दिलं काय तर पॅरासिटामॉल अन् नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब! अँटिबायोटिक नाहीच.

नाना: माझ्याकडे अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या उरल्यात. अर्धी-अर्धी द्या, पाठवू का?

डॉक्टर वहिनी: नाना, नका हो! पोरांचा डोस वजनावर ठरतो. काकू, डॉक्टर चांगले मिळालेत, सोडू नका त्यांना. सर्दी बहुतेक व्हायरसचीच असते, अँटिबायोटिकने ती हलत नाही. जुलाब लागतील ते वेगळेच.

३०२ काकू: पण शेंबूड हिरवा झालाय ग.

डॉक्टर वहिनी: रंगावर जाऊ नका, तो आपल्याच पांढऱ्या पेशींचा. धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, शू कमी झाली, कान ठणकला किंवा ताप उतरून पुन्हा चढला तर लगेच दाखवा. नुसता खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

२०१: मोटर कोणी चालू ठेवलीय? टाकी वाहतेय.

सेक्रेटरी: बंद केली. वहिनी, आम्ही तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, "भैया, वो गले वाली दे दो." तो कात्रीने चार गोळ्या कापून देतो. एक्सपायरी तिकडेच राहते 😄

डॉक्टर वहिनी: हसताय काय! गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते ना, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक्स तर २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे सरकारच्या जास्त कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहेत. मेडिकलवाल्याने पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं असतं. लिहिताना कुणी पाहिलंय?

नाना: आता दुकानदारावर कशाला? लिहून देतात तुम्हीच डॉक्टर लोक.

डॉक्टर वहिनी: खरंय. ओपीडीत पेशंट म्हणतो, "कल दुकान खोलनी है, तेज दवाई दो." लिहायला अर्धा मिनिट, नाही का म्हणून समजवायला दहा, आणि बाहेर रांग. २०२४ च्या जानेवारीत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवलं की अँटिबायोटिकसोबत कारणही लिहा. मी लिहिते. कारण लिहायला बसलं की हात आखडतोच.

३०२ काकू: बरं, मधात आलं चालेल ना?

डॉक्टर वहिनी: त्याला चालेल. ४०४ च्या बाळाला मात्र नको, वर्षाच्या आत मध द्यायचा नाही.

४०४: 🙏 सासूबाईंना दाखवते हा मेसेज.