महासीरवर प्रोजेक्ट करायचाय, पैसे कुठून आणू?

गोमाईकाठ:
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. झूलॉजी, दुसरं वर्ष. घर प्रकाशाजवळ, तापीकाठी. आम्ही भोई, वडील अजून जाळं टाकतात. ते म्हणतात, सारंगखेडा-प्रकाशाचे बॅरेज (नदीवरचे दारांचे बंधारे) व्हायच्या आधी महासीर मासा लागायचा, आता पाटीभर चिलापीच. मला नेमका याचाच अभ्यास करायचाय, जमलं तर पुढे पीएच.डी. सर म्हणाले, "विषय चांगला, पण पैसे कोण देणार? तलावातलं प्लँक्टन घे, महिन्यात उरकेल." मार्ग आहे का काही?

शिरपूरकर:
नेट परीक्षा काढ भो. जेआरएफला, म्हणजे तिच्यातून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला, महिना ३७,००० आहेत. बाकी सगळा टाइमपास.

धुळ्याची ताई:
नेट काढच, पण निकाल लागेपर्यंत हातावर हात धरून बसू नकोस. माझा पहिला अर्ज परत आला होता. नाव काय, तर 'तापी खोऱ्यातील मत्स्यवैविध्य'! मुलताईपासून सुरतेपर्यंत सातशे किलोमीटरच्या वर नदी, आणि माझ्याकडे एक स्कूटी. दुसऱ्यांदा आमच्या पांझरा नदीचे दोन डोह आणि एकच प्रश्न लिहिला, तेव्हा पैसे आले.

तुझा प्रश्न तर तयारच आहे: बॅरेजच्या वर आणि खाली, सारख्याच आसाच्या (भोकांच्या) जाळ्यात, तेवढ्याच तासांत काय लागतं? आधी मात्र वडील म्हणतात तो महासीर कोणता ते बघ. टॉर टॉर ही जात निघाली तर आययूसीएनच्या (धोक्यातल्या प्रजातींची नोंद ठेवणाऱ्या जागतिक संस्थेच्या) यादीत तो 'माहिती अपुरी' या रकान्यात आहे. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हेच येऊ दे.

मोहम्मद बिन झायेद फंड एकेका प्रजातीसाठी कमाल २५,००० डॉलर देतो. तुला एवढे लागणारच नाहीत. रफर्ड फाउंडेशनचं छोटं अनुदान तुझ्या मापाचं आहे, पण निव्वळ डिग्रीसाठीचं संशोधन त्यांना नको असतं. नदीचं, माशाचं भलं काय होणार ते दिसलं पाहिजे. आयडिया वाइल्ड ही संस्था पैशांऐवजी सामान देते, म्हणून मीटर-कॅमेरा तिथे माग. पीएच.डी.ला लागलास की नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेची फेलोशिप बघ, भोई भटक्या जमातींत येतात.

परदेशी पैसा घेण्याआधी एफसीआरएचं (परदेशी देणग्यांच्या कायद्याचं) काय, ते सीएला विचार. शिष्यवृत्ती वेगळी, प्रकल्पाचा निधी वेगळा. आणि तुलनेसाठी अनेर धरणाच्या अभयारण्यात जायचं मनात आलं, तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. मी एकदा नुसत्या ओळखीवर एका अभयारण्यात गेले आणि अख्खा हिवाळा घालवला.

गोमाईकाठ:
ताई, होडी वडिलांचीच वापरणार. त्यांचं नाव अर्जात घालायचं का? ते चौथी शिकलेत.

धुळ्याची ताई:
घालायचं! होडीचं भाडं आणि त्यांची रोजंदारी दोन्ही बजेटमध्ये धर. ते तुझे वडील आहेत हेही सरळ लिही, लपवू नकोस. मी नावाड्याचे पैसे धरायला विसरले होते. सहा महिने त्याच्यासमोर जायची लाज वाटायची.

अर्ज नंतर. पह्यले तुना बापले इचार, बॅरेजच्या आधी कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, केवढा लागायचा. वहीत उतरव, तारखेसकट.

शिरपूरकर:
आणि नेट?

धुळ्याची ताई:
ते पण रे बाबा.