‘ग्राहक’ की ‘ग्राही’? पेशींच्या संवादातील काही शब्द

खारघरला जीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या माझ्या भाचीला ठाण्यातल्या शाळकरी मुलांपुढे मराठीतून बोलायचे होते, म्हणून तिने मसुदा मला तपासायला दिला. पहिल्याच ओळीत ‘पृष्ठवंशी प्राण्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने’ असे होते. संस्कृत ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ; त्यावरून कणा असलेला तो पृष्ठवंशी, आणि वरचा भाग तो पृष्ठभाग. चूक काहीच नव्हती, पण ऐकणारा अडखळला असता. आम्ही ‘पेशीपटलावरील’ केले.

खरा वाद ‘रिसेप्टर’वरून, म्हणजे बाहेरून येणारा संकेत पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाच्या नावावरून झाला. तिने ‘ग्राहक’ लिहिले होते. व्युत्पत्तीने ते चालते. पण आपल्याकडचा ग्राहक पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा असतो. मी ‘गुणग्राही’तला ‘ग्राही’ सुचवला, तेव्हा ती म्हणाली, “मामा, ग्राही म्हणजे घेणारा ना? मग नॉच घेतो काय?”

नॉच हा तिच्या मसुद्यातला एक रिसेप्टर; शब्दाचा अर्थ खाच. ज्या जनुकातील बिघाडाने फळमाशीच्या पंखांच्या कडेला खाचा पडतात, त्याचे, आणि त्यावरून बनणाऱ्या या प्रथिनाचे, हे नाव. माशीला कणा नाही, तरी तेच नाव माणसापर्यंत आले, आणि सस्तन प्राण्यांत तर असे नॉच चार आहेत. शेजारच्या पेशीवरचे डेल्टा हे प्रथिन नॉचला धरून ओढते, त्या ओढीने नॉच जिथे कापला जातो ती जागा उघडी पडते, आणि सुटलेला आतला तुकडा केंद्रकात जाऊन काही जनुके चालू करतो. अंतर्कर्णात आवाज टिपणारी केशपेशी होऊ घातलेली पेशी याच रीतीने शेजारणींना केशपेशी होण्यापासून रोखते.

मला उत्तर ‘पाणिग्रहणा’त सापडले: ‘ग्रह्’ म्हणजे आधी धरणे, मग घेणे. एकमेकांना धरणाऱ्या प्रथिनांना ‘ग्राही’ शोभतो. उलट तिचे ‘संदेशवहन’ मला इथे खटकले. इन्सुलिन रक्तातून दूरच्या पेशीवरील ग्राहीपर्यंत जाते, तिथे ‘वहन’ ठीक आहे. खेटून बसलेल्या दोन पेशींच्या मधून काय वाहून न्यायचे? तिथे ‘संकेत’ पुरे, कारण हात दाबून केलेली खूणही संकेतच असते.

डेल्टासारख्या ‘लिगँड’ला, म्हणजे ग्राहीला जाऊन जुळणाऱ्या रेणूला, मात्र शब्द मिळाला नाही. ‘बंधक’ म्हणावे तर हिंदी बातम्यांतले ओलीस आठवतात, म्हणून तूर्त ‘लिगँड’च ठेवला आहे, कुणाला बरा शब्द ठाऊक असल्यास सुचवावा.