सुपरवर्म बंद करून बिअर्डीला काय देऊ? (शक्यतो झुरळं सोडून)

एडिसनची_शुभा
नमस्कार मंडळी, मुलगा कॉलेजला गेला आणि त्याचा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा, लाडाने बिअर्डी) आमच्या गळ्यात मारून गेला. नर, तीन वर्षांचा, नाव बंड्या. मुलगा त्याला रोज सुपरवर्म (भुंगेऱ्याच्या मोठ्या अळ्या) घालायचा कारण जवळच्या पेट शॉपमध्ये तेच मिळतात आणि आवाज करत नाहीत. आता हा पाल्याकडे ढुंकूनही बघत नाही, रिकाम्या वाडग्यापाशी बसून माझ्याकडे टक लावतो, आणि पोट सुटलंय ते वेगळंच. व्हेट म्हणाले वजन उतरवा, किडे बदला. नेटवर जो तो म्हणतो डुबिया रोच आणा. अहो आयुष्यभर चप्पल घेऊन झुरळांच्या मागे धावले, आता पैसे देऊन मागवू आणि वर गाजर खाऊ घालू? त्यात जूनमध्ये सासूबाई येतायत. रातकिडे आणून पाहिले तर रात्रभर किरकिर आणि वास. आणि हो, मागच्या अंगणात टोमॅटोवर हे मोठे हिरवे सुरवंट येतात, ते फुकटचे दिले तर चालतील का?

मेलबर्नचा_काका
आधी शेवटचं. टोमॅटोवरचे सुरवंट अजिबात देऊ नका!! दुकानात हॉर्नवर्म म्हणून जे निळसर-हिरवे मिळतात ते त्याच जातीचे असतात पण तयार खाद्यावर वाढवलेले, तुमच्या अंगणातल्यांनी टोमॅटोचा पाला खाल्लेला असतो आणि त्यातली विषारी द्रव्यं पोटात असतात. आणि तुमच्याकडे न्यूजर्सीत जून-जुलैत काजवे येतात ना, खिडकीतून एखादा आत आला तर त्याच्या टाकीजवळही जाऊ देऊ नका. आपण भंडारदऱ्याला कौतुकाने बघायला जातो ते ठीक, पण अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, एक काजवासुद्धा मोठ्या बिअर्डीला मारायला पुरतो, अशा मृत्यूंची नोंद झालेली आहे. बाहेर पकडलेलं काहीच नको, औषध फवारलेलं असतं नाहीतर जंत असतात.

झुरळांचं म्हणाल तर आमच्या ऑस्ट्रेलियात डुबिया आणता येत नाहीत, आम्ही 'वुडी' नावाची झुरळं वापरतो आणि ती काचेवर सरसर चढतात. डुबियाला गुळगुळीत काच-प्लास्टिक चढता येत नाही, वास नाही, आवाज नाही. नशीबवान आहात तुम्ही.

पुण्याचा_सरडेवाला
ताई, आकडे बघा म्हणजे बंड्या का फुगला ते कळेल. जिवंत किड्याच्या वजनात फॅट साधारण किती: सुपरवर्म १७-१८ टक्के, मीलवर्म १३, वॅक्सवर्म २५ (हे तर निव्वळ पेढे), रातकिडे ६-७, डुबियाही साधारण तेवढ्यातच. म्हणजे सुपरवर्म वाईट नाहीये, रोजचा नाहीये. पंधरा दिवसांतून दोन-तीन, हातावरून खायला शिकवायचं असेल तेव्हा.

पण खरं सांगू का, तीन वर्षांच्या ड्रॅगनला कोणता किडा यापेक्षा किती आणि कधी हे जास्त महत्त्वाचं आहे. पिल्लांना किडे जास्त लागतात, मोठ्याचं उलटं, पाऊण ताट पाला आणि उरलेले किडे. आठवड्यात दोन-तीनदाच, एका वेळी सात-आठ, आणि डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. सकाळी दिवा लागून अंग तापलं की आधी पाला ठेवा, किडे दुपारी. दोन-चार दिवस रुसेल, बघू नका त्याच्याकडे. मोहरीचा पाला, कोलार्ड (कोबीच्या कुळातली पालेभाजी), डँडेलियनची पानं, थोडा लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. आणि किडे थेट डब्यातून देऊ नका, आदल्या दिवशी त्यांना गाजर-पाला खाऊ घाला, मग कॅल्शियम पावडर लावून द्या, कारण बहुतेक किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. यूव्हीबी ट्यूब (कॅल्शियम अंगी लागायला लागणाऱ्या अतिनील किरणांचा दिवा) कधी बदलली होती? प्रकाश दिसत राहतो पण यूव्हीबी संपलेलं असतं, वर्षाला बदला, नाहीतर पावडर घालूनही हाडं मऊ होतात.

तुतीवाली
झुरळं नकोच असतील तर रेशमाच्या अळ्या. आमच्या मराठवाड्यात लोक त्यांच्यावर घर चालवतात, तुम्ही सरडा चालवा 😄 फॅट दीड टक्का, ऐंशी टक्क्यांवर पाणी, अंग मऊ, वजन उतरवायला याहून बरं काही नाही. अडचण एकच, यांना तुतीचा पालाच लागतो. न्यूजर्सीत तुतीची झाडं रस्त्याकडेला भरपूर दिसतात पण औषध फवारलेला पाला दिलात तर सगळ्या अळ्या मरतील, आणि पाला ओला असला तरी आजारी पडतात. हिवाळ्यात तुतीची पावडर मिळते, शिजवून वडीसारखी थापायची. सासूबाईंना सांगा पैठणीसाठी पाळल्यात.

एडिसनची_शुभा
पैठणी 😂 ट्यूब बदलल्याचं लेकाला आठवतच नाहीये, म्हणजे कधीच नाही, आज मागवते. रेशीम अळ्या ठरल्या. मधल्या वेळेला ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या चालतील का? दुकानवाला म्हणाला पावडरसुद्धा लावावी लागत नाही.

पुण्याचा_सरडेवाला
ते बरोबर सांगितलं त्याने, नेहमीच्या किड्यांत ह्या एकाच अळीत कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असतं. फक्त फॅट मीलवर्मएवढं आहे, त्यामुळे दहा-बाराच्या वर नको. पाल्यावर सोडा, त्या वळवळल्या की तो झडप घालतो आणि चार पानं आपोआप तोंडात जातात. काही अळ्या न चावता गिळतो, त्या शीतून अख्ख्या निघतात, घाबरू नका. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंड कोपऱ्यात ठेवा, १०-१५ डिग्री असलं तर उत्तम, नाहीतर भराभर माश्या होतील.

मेलबर्नचा_काका
आणि वजन दर रविवारी किचनच्या काट्यावर करा, लिहून ठेवा. काटा वेगळा घ्या बरं का.